बहिरीची सुनावणी

१

ऐकू येणाऱ्या माणसांना ओटिली निबूर ‘तोंडहलवे’ म्हणायची. म्हणायची म्हणजे हातानं. अंगठा आणि बोटं चोचीसारखी उघडमीट करायची आणि वर नाक मुरडायचं. नाक मुरडल्याशिवाय तो शब्द पुरा होत नसे. बीलेफेल्ड या जर्मन शहरातल्या बहिऱ्यांच्या क्लबात तिच्याइतकं झकास नाक कुणालाच मुरडता येत नाही, याबद्दल दुमत नव्हतं.

शर्टांच्या कारखान्यात तिनं उभं आयुष्य कॉलर शिवण्यात काढलं होतं. मुकादम म्हणायचा, बहिऱ्या बायका कामाला बऱ्या, गप्पा छाटत नाहीत. त्याची पाठ वळली की हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात चालायचे आणि त्याच्या टकलापासून त्याच्या बायकोच्या भानगडीपर्यंत सगळं निघायचं. कान असून याला काही कळत नाही, तर कान हवेत कशाला, असा ओटिलीचा सरळ सवाल होता.

आता कारखाना सुटला होता. नवरा ब्रूनो, तोही बहिरा, जाऊन काही वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढ्यात ती एकटी राहायची. दुपारी कॉफी, बीटाची काकवी लावलेला पाव आणि पत्त्यांचा एकटीचा डाव. डाव जमला नाही तर ती पत्त्यांनाही नाक मुरडून दाखवायची.

बहिऱ्यांच्या घरात दाराची घंटा दिव्याची असते. बाहेर कुणी बटण दाबलं की आत दिवा लागतो. ब्रूनोच्या वेळचा दिवा जळाला, तेव्हा एवाल्ड नवा डबा घेऊन आला. एवाल्ड म्हणजे शाळेपासूनचा सोबती. धंद्यानं चांभार, पण विजेच्या कामातही हात चालणारा. त्यानं डबा स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकला आणि शिडीवरूनच हातांनी सांगितलं,

“पांढरा दिवा दारासाठी.”

“आणि पिवळा?”

एवाल्डनं उगाच एक स्क्रू पुन्हा पिळला. “तो पोराबाळांच्या घरासाठी. ही डबी म्हणजे कान. पाळण्याशी ठेवायची, पोर रडलं की पिवळा लागतो. डबा असाच येतो, दोन्ही मिळून. तुला काय करायचाय?”

“भिंत सजवायला,” ओटिली म्हणाली.

एवाल्ड हसला. हसला म्हणजे दात दाखवले. दिव्याच्या कानाची तार गुंडाळून त्यानं ती खिळ्याला लटकावून दिली. पिवळा बल्ब काढून खिशात टाकणं एका झटक्याचं काम होतं. पण ते त्यानं केलं नाही, आणि कर असं तिनंही म्हटलं नाही.

त्यानंतर आठवडाभरात, दुपारच्या कॉफीच्या वेळी, पत्त्यांवर पिवळा उजेड पडला.

२

ओटिलीला पहिल्यांदा रागच आला. खाली ट्रक गेला असेल, नाहीतर चर्चच्या घंटा वाजल्या असतील. तोंडहलव्यांच्या देवालासुद्धा गोंगाट केल्याशिवाय करमत नाही. तिनं उठून खिडकी लावून घेतली.

दिवा विझला. तिनं पत्ता उचलला. दिवा पुन्हा लागला.

ती काही भित्री बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं रीतसर तपास केला. पातेल्याचं झाकण फरशीवर आपटलं, दिवा लागला. पाय आपटला, लागला. टाळी वाजवली, लागला. म्हणजे यंत्र ठीक होतं; आवाज झाला की लागायचं, नाही झाला की नाही. मग ती खुर्चीवर हात मांडीवर घेऊन बसली आणि श्वाससुद्धा जपून घेऊ लागली. घरात हलणारं काही नव्हतं. खिडक्या बंद होत्या.

दिवा लागला. ट्रकनं लागतो तसा एकसारखा नाही. लागला, थरथरला, तसाच पेटून राहिला, क्षणभर विझला आणि पहिल्यापेक्षा जास्त जोरानं लागला. हा ताल तिनं पाहिला होता. क्लबातल्या एका जोडप्याच्या घरी, त्यांची फ्राउके तान्ही होती तेव्हा. भोकाड पसरलेलं पोर मध्ये फक्त श्वास घ्यायला थांबतं, त्याचा तो ताल होता.

तिनं एवाल्डला बोलावलं. त्यानं डबा उघडला, फुंकर मारली, तारा हलवून पाहिल्या.

“गळती आहे. वीज कुठूनही शिरते.”

“विजेला श्वास लागतो?”

एवाल्डनं डबा बंद केला. चांभारी सुरीनं त्यानं कानाची तार कापली, डबी खिशात घातली आणि कॉफी अर्धी टाकून निघून गेला. ओटिलीनं त्याच्या पाठीमागे नाक मुरडलं. बाप्या म्हणे!

दुसऱ्या दिवशी दुपारी, तुटकी तार भिंतीवर लोंबत असताना, पिवळा दिवा लागला.

३

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. त्याला कारण होतं.

एकोणीसशे छत्तीसच्या वसंतात ओटिलीच्या आख्ख्या वर्गाला अपेंडिक्स झालं होतं. बहिऱ्यांच्या शाळेत राहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली. एकेकीला दवाखान्यात नेलं जायचं आणि त्या वाकून चालत परत यायच्या. त्याआधी एका खोलीत एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर तिच्याशी बोलले होते. बोलले म्हणजे तोंड हलवलं. शाळेत हातांनी बोललं की छडी बसायची, त्यामुळे हात पाठीमागे धरून ती नुसती पाहत राहिली. शेजारी मुख्याध्यापक होते. तिच्या वतीनं उत्तरं त्यांनीच दिली. तिचं नाव न्यायालयाला कळवणारेही तेच. जन्मानं बहिऱ्या असलेल्यांना मूल होता कामा नये, असा कायदा आला होता. मोठ्या मुलींनी तिचा व्रण पाहिला आणि हातांनी विचारलं, तुझंही कापलं? तेव्हा कुठे तिला कळलं की अपेंडिक्स तर आतच आहे.

ब्रूनोवर तीच कात्री चालली होती, एवाल्डवरही. युद्ध संपलं. न्यायाधीश न्यायाधीशच राहिले, डॉक्टर डॉक्टर राहिले, मुख्याध्यापकांना निवृत्तीच्या दिवशी फुलं मिळाली. छळलेल्यांचे स्मरणदिन सुरू झाले. त्यांत या लोकांना कुणी बोलावलं नाही. तुमचा छळ झाला नाही, तो आरोग्याचा कायदा होता, असं सांगण्यात आलं. ते सांगणारा प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवायचा.

आता म्हातारपणी दार बोटभर उघडलं होतं. सरकारी कचेरीत या, डॉक्टरला व्रण दाखवा, आपलं म्हणणं मांडा. ओटिलीनं सुनावणी मागितली होती.

“पुन्हा टेबलावर झोपणार तू?” एवाल्डनं क्लबात विचारलं. “मी नाही जाणार बुवा. त्यांना दाखवण्यासारखं होतं ते त्यांनीच नेलं.”

“मला त्यांच्याकडून एक वाक्य हवंय. आमचं चुकलं, एवढं.”

“तोंडहलव्यांकडून? ओटिली, ते तुला वेडी ठरवतील आणि घरी पाठवतील.”

हीच तर गोष्ट होती. एकदा या माणसांनी तिला बावळट ठरवून कापलं होतं. आता तिच्या घरी तुटक्या तारेवर दिवा पेटतो, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांना आयतंच कोलीत मिळालं असतं. ती गप्प राहिली. पण कॉफीच्या वेळी ती आता दिव्याकडे पाठ करून बसू लागली. पाठ केली तरी कपाटाच्या काचेत पिवळं दिसायचंच.

४

शेवटी न राहवून तिनं खालच्या लोमानबाईला वर बोलावलं.

लोमानबाईला तीन पोरं होती आणि बहिऱ्यांशी बोलताना ती तोंड एवढं वासायची की पडजीभ दिसावी. ओटिलीला ती मुळीच आवडत नसे. पण कान तिच्याकडे होते. ओटिलीनं तिला स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं, पेटलेला दिवा दाखवला, आपल्या कानाला हात लावला आणि भुवया उंचावल्या. काय ऐकू येतं, सांग.

लोमानबाई ऐकू लागली. ऐकताना तोंडहलव्यांचे चेहरे कसे ओस पडतात, हे ओटिलीनं आयुष्यभर पाहिलं होतं.

“काही नाही,” लोमानबाईचे ओठ म्हणाले. “अगदी शांत आहे, निबूरबाई. कुठे काय?”

तोंडहलवे तोंडानं खोटं बोलतात. त्यांच्या अंगाला खोटं बोलता येत नाही, कारण आपल्याला अंग आहे हेच त्यांच्या गावी नसतं. ओटिली बाईचे ओठ सोडून बाईकडे पाहत होती. लोमानबाईचा भार डाव्या पायावरून उजव्यावर गेला, उजव्यावरून डाव्यावर आला. ती डोलत होती. तिचा हात आपोआप वर आला आणि खांद्यापाशी, जिथे काहीच नव्हतं तिथे, हलकेच थोपटू लागला.

“अगदी शांत,” ओठ म्हणाले.

दिवा मंदावला. थरथरला. विझला.

तेव्हा लोमानबाईला आपला हात दिसला. तिनं तो चटका बसल्यासारखा खाली घेतला आणि ती धावत सुटली. तिची एक सपात जिन्यातच राहिली, ती न्यायलाही ती परत आली नाही.

ओटिली ओट्याला धरून उभी राहिली. तिला हसायला येत होतं आणि पाय गारठले होते. बहिरं निपजेल म्हणून मला कापलं, तिच्या मनात आलं. आणि हे तर गळा काढतंय.

५

मग दिवा लागायचा थांबला. तुटकी तार तशीच लोंबत होती, पण पिवळा उजेड काही पडेना. ओटिलीनं सुटकेचा श्वास सोडला. गळतीच होती, एवाल्डचं खरं, असं तिनं स्वतःला बजावलं.

बेकरीतली मुलगी पाव बांधता बांधता काउंटरवरून वाकली आणि ओटिलीच्या बाजूला, खाली, फरशीकडे पाहून हसली. बाबागाडीत डोकावताना हसतात तसं. मग ते हसू तिच्या तोंडावर तसंच गोठलं. तिनं पावाचा पुडा काउंटरवर सरकवला आणि हात मागे घेतला. ओटिलीनं खाली पाहिलं. फरशी होती. काल पुसलेली.

काही आठवड्यांनी ट्राममध्ये तिकीट तपासनीस आला. त्यानं ओटिलीचं तिकीट पाहिलं, परत दिलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेपुढे हात पसरला. त्याचे डोळे बाकाच्या पाठीच्या उंचीवर होते, शाळकरी पोराशी बोलताना असतात तसे. हात तसाच राहिला. मग त्यानं तो मागे घेतला आणि कोटाला पुसला.

त्या दिवसापासून ओटिली लोकांच्या नजरांची उंची पाहू लागली. पाहायचं नाही म्हटलं तरी दिसे. आधी गुडघ्याशी, मग कमरेशी, मग खांद्याशी. आठवड्याला एखादं वर्ष जात असावं तशी नजर वर चढत होती. रडणं थांबलं होतं, कारण ते वय सरलं होतं. असं काही तिनं मानलं नाही. मानणं हे खुळ्यांचं काम. फक्त आरशासमोर उभं राहणं तिनं सोडून दिलं, आणि वेणी नुसत्या हातानं घालू लागली.

सुनावणीच्या आधी फ्राउके आली. तान्हेपणी जिच्या रडण्यानं दिवा लागायचा तीच ही. आईबाप बहिरे, तिला स्वतःला मात्र ऐकू येत होतं. दुभाषी म्हणून तीच कचेरीत बसणार होती. तोंडहलव्यांतली ओटिलीला चालणारी ही एकटीच. दोघी पिकर्ट खात बसल्या, बटाट्याचं जाड धिरडं, भरपूर लोणी घातलेलं. कचेरीत काय काय विचारतील ते प्रश्न फ्राउके काढत होती आणि सारखी मान वळवून शिवणाच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत होती.

“मावशी, आत कोण आहे?”

“का?”

“मशीन चालू आहे.”

ओटिलीनं टेबलाखालून तळवा फरशीवर टेकवला. तिची मशीन ती तळव्यानं ओळखायची. पायडलचा तो ठेका सरळ धावला, थांबला, सुई कापडात ठेवून कोपरा वळवला, पुन्हा धावला. कॉलर. आत कुणीतरी कॉलर शिवत होतं, आणि कोपऱ्यावर तिच्यासारखंच जरा जास्त थांबत होतं.

फ्राउके उठू लागली. ओटिलीनं तिचं मनगट धरलं.

“वरच्या मजल्यावरची पोरगी आहे. मी शिकवते तिला. लाजरी आहे, नको जाऊस.”

“किती नीट चालवते गं,” फ्राउके म्हणाली आणि बसली.

तिसऱ्या मजल्याच्या वर फक्त कपडे वाळत घालायचा माळा होता. ओटिलीनं दुसरं पिकर्ट पानात घेतलं आणि त्याचे नुसतेच तुकडे करत राहिली.

६

सुनावणी गाडीनं जायच्या दुसऱ्या शहरात होती; खोली नीटनेटकी होती. लांब टेबल, कॉफीचा थर्मास, खिडकीत कुंडी. टेबलापलीकडे तिघं. मधले अध्यक्ष, एका अंगाला डॉक्टर, दुसऱ्या अंगाला सर्दी झालेला एक गृहस्थ, जो सगळा वेळ नाक पुसत होता. कोपऱ्यात टंकलेखिका. फ्राउके अध्यक्षांच्या शेजारी, ओटिलीला हात दिसतील अशी बसली होती. ओटिलीच्या खुर्चीमागे फक्त दार होतं आणि कोट टांगायची खुंटी.

“निबूरबाई,” अध्यक्षांचं म्हणणं फ्राउकेच्या हातांतून येऊ लागलं, “जे झालं ते दुर्दैवी होतं. पण तो त्या काळचा रीतसर कायदा होता. इतर देशांतही असे कायदे होते. त्याला छळ म्हणता येईल का, हा प्रश्न आहे.”

“म्हणजे उंदीर मारला की नाही, हे मांजरालाच विचारायचं,” ओटिली म्हणाली.

फ्राउकेनं ते कसं सांगितलं कोण जाणे. अध्यक्ष सौम्य हसले.

“तुमचं आयुष्य तसं सुरळीत गेलं. नोकरी, लग्न, घर. नुकसान नेमकं काय झालं, तेवढं सांगता येईल?”

“त्यांना विचार, मुलं किती.”

“दोन,” अध्यक्ष म्हणाले. “पण त्याचा इथे संबंध नाही.”

“विचार त्यांना, त्यातलं कोणतं नसतं तर आयुष्य सुरळीत गेलं असतं.”

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला. डॉक्टरनं घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की हे सगळं ठीक आहे, पण व्रण बघावा लागेल, पलीकडच्या खोलीत टेबल आहे, फक्त दोन मिनिटं. त्याचा चेहरा तरुण आणि गुळगुळीत होता. ओटिलीला त्याच्या कानशिलात ठेवून द्यावीशी वाटली. तिनं नकार द्यायला हात उचलले.

आणि कुणीच तिच्या हातांकडे पाहत नव्हतं.

पाचही जण तिच्या डोक्यावरून मागे पाहत होते. नजर उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर होती. सर्दीवाल्याचा रुमाल नाकापाशी अधांतरी राहिला होता. फ्राउकेचे हात मांडीवर पडले होते.

ओटिलीच्या खुर्चीच्या पाठीवर भार आला. दोन्ही बाजूंना, एकेक हात टेकवावा तसा. मग लाकूड गुणगुणू लागलं. तिच्या पाठीच्या कण्यातून ते वर चढलं. एकसारखं, खालच्या पट्टीतलं, न अडखळणारं. आवाज म्हणजे काय, ते तिला लाकडातूनच ठाऊक होतं. कुणीतरी बोलत होतं. शांतपणे, घाई न करता.

“बाई, मध्ये बोलू नका,” अध्यक्षांचे ओठ ओटिलीलाही वाचता आले. “सोबत आलेल्यांना बोलायची परवानगी नाही.”

“कुणाला म्हणतायत?” ओटिलीनं फ्राउकेला विचारलं.

फ्राउकेनं कसेबसे हात उचलले. “ते म्हणतायत… तुझ्या मुलीला.”

“विचार, कोणती मुलगी.”

“तुमच्या मागे उभी आहे ती!” अध्यक्ष वैतागून म्हणाले. “तुमचीच ना? चेहरा तर सगळा तुमचाच आहे.”

“टंकायला सांग ते,” ओटिली म्हणाली. “जसंच्या तसं. अध्यक्ष म्हणाले, तुमची मुलगी.”

अध्यक्षांनी चिडून समोरच्या कागदावर नजर टाकली. अपत्य नाही, होणं शक्य नाही, हे त्यांच्याच हातचं तिथे लिहिलेलं असणार. ते पुन्हा वर पाहायला लागले, आणि वर पाहता पाहता त्यांच्या तोंडाचा रंग वरून खाली उतरत गेला. डॉक्टर उठला, त्याची खुर्ची पडली ते ओटिलीला फरशीतून कळलं. टंकलेखिकेनं दोन्ही हात कानांवर दाबले होते.

लाकूड बोलतच होतं.

“काय म्हणतेय ती?” ओटिलीनं विचारलं. “फ्राउके! तुझं काम आहे ते. सांग मला.”

फ्राउके रडत होती. मानेनं नाही नाही म्हणत होती. “नावं,” तिच्या हातांनी अखेर सांगितलं. “नावं सांगतेय. तिच्या मुलांची. आणि मावशी… त्यांच्या मुलांची.”

ओटिलीनं मागे वळून पाहिलं नाही. मान वळवणं तिच्या हातात होतं, आणि मानेवर बर्फ ठेवल्यासारखं झालं होतं. पण ती वळली नाही ती नुसत्या भीतीनं नव्हे. बघायची पाळी तिची नव्हती. ज्यांनी आजवर काहीच पाहिलं नव्हतं, त्यांना आता एकदाचं दिसत होतं, बसा बघत. तिनं त्या तिघांकडे टक लावून पाहिलं आणि आयुष्यातलं सगळ्यात लांबलचक नाक मुरडलं.

“मान्य,” अध्यक्षांचे ओठ म्हणाले. त्यांना आता चष्मा सापडत नव्हता. “सगळं मान्य. अन्याय झाला, लिहून देतो. फक्त यांना घेऊन जा इथून. या सगळ्यांना घेऊन जा.”

ओटिलीच्या मानेला वाऱ्याची झुळूक लागली. तिच्या मागचं दार कुणीतरी तिच्यासाठी उघडून धरलं होतं.

७

तिची मागणी त्याच दुपारी मान्य झाली. व्रण कुणी तपासला नाही. तिला हवं होतं ते वाक्य घाईघाईनं, वाकड्यातिकड्या अक्षरात मिळालं, आणि पर्समध्ये ठेवताना ते तिला अगदीच पातळ वाटलं.

फ्राउके स्टेशनपर्यंत आली आणि बाकावर बसून राहिली. “मी नंतरच्या गाडीनं येते, मावशी,” ती म्हणाली आणि ओटिलीच्या आसपास कुठेही न पाहता तिनं मान खाली घातली. गाडीला गर्दी होती. लोक डब्यांबाहेरच्या बोळात दाटीवाटीनं उभे होते, पण ओटिलीच्या डब्यातल्या रिकाम्या बाकांवर कुणी येऊन बसेना. दारातून एकेक जण आत डोकवायचा, जागा नाही असं पाहिल्यासारखा ओशाळून मागे सरायचा.

घरापाशी उजेड अजून होता. लोमानबाईनं तिला येताना पाहिलं आणि पोरांना आत ओढून दार लावून घेतलं. ओटिली तिसऱ्या मजल्यावर चढली, किल्ली फिरवली, दार उघडलं. आणि का कोण जाणे, आत न जाता ती बाजूला सरली आणि दार धरून उभी राहिली, पाहुण्याला पुढे जाऊ द्यावं तशी.

जिना लाकडाचा होता. खालची पायरी दबल्याचं तिच्या तळव्यांना कळलं. मग वरची. बाईमाणसाची चाल, जरा उजवीकडे झुकती, तिच्यासारखीच. गालाजवळून हवा हलली आणि आत गेली.

झालं, असं ओटिलीला वाटलं. तिनं दार ओढायला हात घातला.

खालची पायरी पुन्हा दबली. मग आणखी एक चाल, जड, पुरुषाची. तिच्यामागे हलकी, भरभर दोन पायऱ्या गाळून येणारी. तिच्यामागे एका पायरीवर दोन्ही पावलं टेकून मगच पुढची घेणारं, कुणाच्या तरी बोटाला धरलेलं. ओटिलीनं पाठ भिंतीला लावली. आता तिला कुणालाच नाक मुरडून दाखवावंसं वाटेना. आत दोन खोल्या होत्या आणि चार कप होते.

ती दार धरून उभी राहिली. तळमजल्यापासून सगळा जिना तिच्या पायांखाली हलत होता, आणि येणं काही संपेना.